स्किझोफ्रेनियात समोरचा चेहरा कसा वाचला जातो

संगणकाच्या पडद्यावर एका बाईचा रंगीत फोटो येतो. ओठ मिटलेले, भुवया सरळ, कपाळावर एकही आठी नाही. बाजूला पाच पर्याय असतात: आनंद, दुःख, राग, भीती आणि 'कोणतीच भावना नाही'. असे ४० चेहरे एकामागून एक दाखवायचे आणि प्रत्येकासाठी एक पर्याय निवडायला सांगायचं, अशी ही चाचणी मानसिक आजारांवरच्या संशोधनात नेहमी वापरली जाते. या बाईच्या फोटोचं बरोबर उत्तर शेवटचं आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तींना मात्र अशा चेहऱ्यावर राग, भीती किंवा दुसरी एखादी अप्रिय भावना दिसण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पुढचा फोटो हसऱ्या चेहऱ्याचा असेल, तर तिथे त्यांची फारशी गडबड होत नाही.

चूक छोटी वाटते. पण दिवसभरात आपल्यासमोर येणारे बहुतेक चेहरे असेच कोरे असतात. रांगेत पुढे उभा असलेला माणूस, कामात गढलेला सहकारी, दमून घरी आलेली आई. या प्रत्येक चेहऱ्यावर नाराजी किंवा धमकी दिसत राहिली तर माणसाचा दिवस कसा जाईल? स्किझोफ्रेनियाबद्दल बोलताना आपण कानात ऐकू येणाऱ्या आवाजांबद्दल बोलतो, संशयाबद्दल बोलतो. चेहरे वाचण्यातली अडचण कुणाच्या लक्षातही येत नाही. खुद्द त्या व्यक्तीला ती सांगता येत नाही, कारण तिला जे दिसतं ते तिच्या लेखी खरंच असतं. नाती विसकटण्यात मात्र या अडचणीचा वाटा मोठा आहे. म्हणून इथे फक्त तिच्याबद्दल लिहितो आहे.

आजाराची ओळख थोडक्यात. जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना, म्हणजे साधारण ३०० जणांमागे एकाला स्किझोफ्रेनिया आहे. तो बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो, पुरुषांमध्ये थोडा आधी. एका शरीरात दोन व्यक्तिमत्त्वं असणं म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा समज साफ चुकीचा आहे. या आजारात भास होतात, भ्रम होतात, विचारांची साखळी तुटते, आणि जोडीला उत्साह, बोलणं, चेहऱ्यावरचे हावभाव कमी होत जातात. विचार करणं, लक्षात ठेवणं आणि माणसं समजून घेणं यांवरही परिणाम होतो. चेहऱ्यांचा प्रश्न या शेवटच्या गटातला.

मेंदू चेहरा कसा उचलतो

चेहरा ओळखणं हे खरं तर फार अवघड काम आहे. सगळ्यांनाच दोन डोळे, एक नाक, एक तोंड, आणि तेही त्याच त्या जागी. तरीही शाळा सुटल्यावर कित्येक वर्षं न भेटलेला मित्र गर्दीत दिसला की आपण त्याला क्षणात ओळखतो. मेंदू सुटे भाग तपासत बसत नाही, त्यांची मांडणी एकदम उचलतो, म्हणून हे जमतं. ओळखीच्या माणसाचा फोटो उलटा धरून पाहा, ओळखायला त्रास होतो. रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं, की घर किंवा विमान यांसारख्या गोष्टी उलट्या केल्यावर जेवढ्या अवघड होतात त्यापेक्षा चेहरे कितीतरी जास्त अवघड होतात. १९८० मध्ये पीटर थॉम्प्सन यांनी मार्गारेट थॅचर यांच्या फोटोतले फक्त डोळे आणि तोंड उलटे बसवले. तो फोटो उलटा धरला तर त्यात काही वावगं वाटत नाही. सरळ केला की अंगावर काटा येतो. मांडणी वाचण्याची आपली यंत्रणा सरळ चेहऱ्यावरच पूर्ण ताकदीनं चालते, हे यावरून कळतं.

हे काम मेंदूत एकाच ठिकाणी होत नाही. मेंदूच्या खालच्या बाजूला, कानशिलांच्या आतल्या अंगाला फ्युसिफॉर्म नावाची एक वळी आहे. तिचा एक छोटा भाग इतर वस्तूंपेक्षा चेहऱ्यांना जास्त प्रतिसाद देतो, असं नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं. चेहरा कुणाचा आहे, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. नजर कुठे वळली, ओठ कसे हलले, हे सतत बदलणारे तपशील त्याच्या वरच्या बाजूचा दुसरा भाग टिपतो. आणि 'हे माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे का, यात धोका आहे का' हे ठरवण्यात अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा छोटा भाग सामील असतो. डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजल्या तर चेहरा दिसल्यापासून सुमारे १७० मिलिसेकंदांनी एक ठळक लहर उमटते. एका सेकंदाचा जेमतेम सहावा भाग. समोर कोण आहे, हे आपल्या ध्यानात येण्याआधीच 'हा चेहरा आहे' एवढं काम उरकलेलं असतं.

अडचण कुठे सुरू होते

स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांमध्ये ही १७० मिलिसेकंदांची लहर सरासरीनं लहान असते. अनेक प्रयोगशाळांना हे आढळलं आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. इतक्या थोड्या वेळात माणूस कसला विचार करणार? त्यामुळे 'तो चेहऱ्याचा उगाच वाकडा अर्थ लावतो' असं म्हणताना जरा थांबायला हवं. अर्थ लावण्याच्या आधीच, चेहरा मेंदूत जुळवला जात असतानाच, काहीतरी कमी पडू लागलेलं असतं.

काय कमी पडतं, यावर दोन-तीन दिशांनी प्रकाश पडला आहे. पहिली दिशा साध्या दिसण्याची. कोणतंही चित्र पाहताना मेंदू त्याची ढोबळ, धूसर रूपरेषा आधी पकडतो आणि बारीक तपशील मागाहून भरतो. स्किझोफ्रेनियात ढोबळ, कमी उठावाच्या आकृत्या टिपण्याची क्षमता बऱ्याचदा कमी झालेली आढळते. चष्म्यानं सुटणारा हा प्रश्न नव्हे, डोळे उत्तम असतात. पण रूपरेषाच अशक्त पोचली, तर तपशील कशावर बसवायचे?

दुसरी दिशा जुळणीची. निव्वळ काळे आणि पांढरे डाग वापरून केलेले काही चेहरे असतात, क्रेग मूनी यांच्या नावानं ओळखले जाणारे. आधी नुसते डाग दिसतात, मग एकाएकी त्यातून चेहरा उभा राहतो. तो उभा राहतो तेव्हा मेंदूचे दूरदूरचे भाग एका तालात लहरी सोडतात. स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तींना हे चेहरे कमी वेळा दिसतात, आणि तो ताल त्यांच्यात कमी जुळलेला असतो.

तिसरी दिशा नजरेची. डोळे नेमके कुठे टेकतात ते टिपणारं यंत्र लावून चेहरा पाहायला दिला, तर बहुतेकांची नजर दोन डोळे आणि तोंड यांच्यामध्ये त्रिकोणासारखी फिरत राहते, मध्येच नाकावर टेकते. माहिती तिथेच असते. स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांची नजर कमी जागी टेकते, कमी अंतर फिरते आणि डोळे-तोंड यांवर तुलनेनं कमी वेळ राहते. गालावर किंवा केसांच्या कडेला नजर थबकून राहिली तर भुवईची बारीकशी हालचाल निसटणारच. समोरच्याला वाटतं, हा माझ्याकडे बघतच नाही, याला माझ्यात रस नाही. प्रत्यक्षात नजर फिरवण्याची ती सहज सवयच विस्कळित झालेली असते.

संशोधकांमध्ये इथे एक मतभेद आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. काहींच्या मते मांडणी एकदम उचलण्याची यंत्रणाच बिघडते. दुसरे म्हणतात, उलट्या चेहऱ्याचा जो परिणाम निरोगी माणसांत दिसतो तो इथेही दिसतो, म्हणजे यंत्रणा शाबूत आहे, फक्त तिला मिळणारी माहिती कच्ची आहे. मला दुसरं मत जास्त पटतं, कारण तसं असेल तर नजरेला वळण लावून फरक पडायला हवा, आणि थोडाफार पडतोही. त्याकडे पुढे येऊ.

हे सगळं औषधांमुळे होत असेल का, अशी शंका येणं साहजिक आहे. पण आजाराची पहिली लक्षणं नुकतीच दिसू लागलेल्या तरुणांमध्येही ही अडचण आढळते. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या सख्ख्या भावंडांमध्ये, म्हणजे स्वतः आजारी नसलेल्या लोकांमध्येही ती सौम्य स्वरूपात आढळते. तेव्हा तिची मुळं औषधांच्या आधीची आहेत.

कोऱ्या चेहऱ्यावरचा राग

आता भावनांकडे वळू. १९७० ते २००७ या काळातल्या ८६ अभ्यासांचे निष्कर्ष क्रिस्टियन कोलर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एकत्र मांडले. चेहऱ्यावरची भावना ओळखण्यात स्किझोफ्रेनिया असलेला गट निरोगी गटापेक्षा बराच मागे होता. संख्याशास्त्राच्या भाषेत फरक ०.९१ एवढा होता. साध्या भाषेत सांगायचं तर स्किझोफ्रेनिया असलेल्या सरासरी व्यक्तीला १०० निरोगी लोकांच्या ओळीत उभं केलं, तर सुमारे ८२ जण तिच्या पुढे असतील. हा मोठा फरक आहे. पण त्याच आकड्याची दुसरी बाजूही वाचायला हवी: आजार असलेल्यांपैकी साधारण सहाव्या हिश्श्याचे लोक निरोगी सरासरीच्याही पुढे असतात. निदान सारखं असलं तरी सगळ्यांची अडचण सारखी नसते.

आनंद ओळखणं त्यातल्या त्यात सोपं जातं. भीती, राग, घृणा, दुःख यांत जास्त चुका होतात. आणि मग तो कोरा चेहरा. एफएमआरआय यंत्रात झोपवून, म्हणजे कोणत्या भागाला रक्त जास्त पोचतंय हे मोजत, चेहरे दाखवले तर निरोगी माणसाचा अमिग्डला घाबरलेल्या चेहऱ्याला जास्त आणि कोऱ्या चेहऱ्याला कमी प्रतिसाद देतो. स्किझोफ्रेनियात या दोहोंतला फरक कमी दिसतो. सुरुवातीला याचा अर्थ असा लावला गेला, की त्यांच्या मेंदूला भीतीच जाणवत नाही. पुढे लक्षात आलं, की निदान काही लोकांमध्ये गोष्ट उलटी आहे. कोऱ्या चेहऱ्यालाच प्रतिसाद वाढलेला असतो, त्यामुळे तुलनेत भीतीचा प्रतिसाद लहान भासतो. 'यांना भावना पोचतच नाहीत' आणि 'यांना नको तिथेही भावना पोचतात' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. घरात वागताना हा फरक कळीचा ठरतो.

एक उदाहरण घेऊ. आई कामावरून येते, चप्पल काढते आणि काही न बोलता आत जाते. चेहऱ्यावर काहीच नाही, ती फक्त दमलेली आहे. मुलाला त्या चेहऱ्यावर तिरस्कार दिसतो. तो विचारतो, "माझ्यावर का चिडलीस?" ती म्हणते, "मी कुठे चिडले?" तिचं उत्तर खरं आहे. पण त्याला डोळ्यांनी दिसलेलं एक आणि कानांनी ऐकलेलं दुसरंच, अशी त्याची स्थिती होते. आई लपवते आहे, हा निष्कर्ष त्यानं काढला तर त्याच्या जागी तो तर्काला धरूनच आहे. संशयाला असं रोज खतपाणी मिळत जातं.

नजरेचंही असंच. समोरचा माणूस आपल्याकडे बघतोय की आपल्या बाजूला, हे ठरवताना सगळ्यांचीच थोडी चूक होते. नजर किंचित बाजूला वळलेले फोटो दाखवून 'हा तुमच्याकडे पाहतो आहे का' असं विचारलं, तर स्किझोफ्रेनिया असलेले लोक 'हो' जास्त वेळा म्हणतात. 'सगळे माझ्याकडेच बघत असतात' हे वाक्य मनोविकारतज्ज्ञांच्या खोलीत वारंवार ऐकू येतं. त्यामागे काही अंशी पाहण्याचीच ही गफलत असू शकते.

आणि तरीही, भावना आत पोचण्याचे सगळे मार्ग बंद झालेले नसतात. ॲन क्रिंग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी मला आवडतो. त्यात हसरे किंवा रागीट चेहरे पाहणाऱ्याला जाणवणारही नाहीत अशा पद्धतीनं दाखवले, आणि सोबतच्या कोऱ्या चेहऱ्याबद्दल मत विचारलं. न दिसलेल्या त्या हास्याचा परिणाम स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांच्या मतावरही झाला, इतरांच्या मतावर होतो तसाच. म्हणजे भावनेची चाहूल आत लागते आहे. तिला नाव देणं, ती कुणाची आणि कुणाबद्दलची हे ठरवणं, इथे गाडी अडते.

फसवा मुखवटा

आता एक असा प्रयोग, ज्यात स्किझोफ्रेनिया असलेले लोक बाकीच्यांपेक्षा अचूक ठरतात.

चेहऱ्याचा साधा मुखवटा घ्या आणि तो आतल्या बाजूनं पाहा. नाक आपल्यापासून दूर आत गेलेलं असतं, गाल खोलगट असतात. तरीही थोड्या अंतरावरून पाहिलं की तो आत गेलेला चेहरा फुगून बाहेर येतो, नाक आपल्या दिशेनं पुढे येतं. मुखवटा हळूहळू फिरवला तर चेहरा भलत्याच दिशेनं फिरताना दिसतो. मुखवटा पोकळ आहे हे माहीत असूनही फरक पडत नाही. आयुष्यभरात मेंदूनं एकही आत गेलेलं नाक पाहिलेलं नसतं, त्यामुळे डोळ्यांकडून येणारी सावल्यांची आणि खोलीची माहिती तो खुशाल बाजूला सारतो आणि आपला अनुभव वर ठेवतो.

हॅनोव्हर आणि लंडन इथल्या संशोधकांनी, डॅनाई डिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००९ मध्ये असे चेहरे १३ स्किझोफ्रेनिया असलेल्या आणि १६ निरोगी व्यक्तींना एफएमआरआय यंत्रात दाखवले. निरोगी माणसं फसली, त्यांना पोकळ चेहरे बाहेर आलेले दिसले. स्किझोफ्रेनिया असलेले लोक क्वचितच फसले. पोकळ ते पोकळच दिसलं. मेंदूचे भाग एकमेकांवर कसा प्रभाव टाकतात याचं गणित मांडल्यावर दिसलं, की निरोगी मेंदूत पोकळ चेहरा समोर येताच वरच्या भागांकडून दृष्टीच्या भागांकडे येणारा दाब वाढतो. 'हा चेहरा आहे, चेहरे असेच असतात' असा जणू हुकूमच येतो. स्किझोफ्रेनियात हा वरून येणारा दाब तसा वाढला नाही, डोळ्यांकडून येणारी कच्ची माहितीच भारी पडली.

हे यश आहे की तोटा? या एका प्रयोगापुरतं यश. एरवी मात्र अनुभवाचा हा हुकूम आपल्याला सतत सांभाळून घेत असतो. अंधुक प्रकाशातला, अर्धवट दिसलेला, घाईत पाहिलेला चेहरा आपण पूर्वी पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांच्या आधारावर पुरा करतो. आईचा कोरा चेहरा पाहून 'दमली असेल' असं मनात येतं, तेही जुन्या अनुभवाच्या बळावर. तो आधार सैल झाला की प्रत्येक चेहरा नव्यानं, जवळपास पहिल्यांदाच पाहिल्यासारखा वाचावा लागतो. कोऱ्या चेहऱ्याची गफलत आणि मुखवट्यातली अचूकता या वरवर परस्परविरोधी गोष्टींचं मूळ एकच असावं, असं मला वाटतं. दिसलेलं आणि माहीत असलेलं यांच्यातला सांधा ढिला झालेला असतो. ब्रायन कीन, स्टीव्हन सिल्व्हरस्टीन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हेही दाखवलं, की हा फरक आजाराच्या त्या वेळच्या तीव्रतेशी निगडित असतो. आजार शमला की माणसं पुन्हा मुखवट्याला फसू लागतात.

या मुखवट्याचे व्हिडिओ 'तुम्हाला पोकळ दिसला तर तुम्हाला स्किझोफ्रेनिया आहे' असा मजकूर लावून फिरवले जातात. ते निखालस चूक आहे. निदानाची ही चाचणी नाही. कोन, प्रकाश आणि अंतर बदललं की निरोगी माणसालाही मुखवटा पोकळ दिसू शकतो.

ओळखीचा चेहरा, परका माणूस

सगळ्यात क्लेशकारक प्रकार क्वचित आढळतो, पण तो समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. समोर उभी असलेली बायको हुबेहूब बायकोसारखी दिसते, आवाज तोच, कपडे तेच, पण ही ती नव्हे, ही कुणी तोतया आहे, अशी पक्की खात्री बसते. जोसेफ कॅपग्रास आणि जाँ रेबूल-लाशो या फ्रेंच डॉक्टरांनी १९२३ मध्ये एका स्त्रीची अशी हकिकत लिहिली. आपल्या घरच्यांची जागा तोतयांनी घेतली आहे, असं ती सांगत असे. तेव्हापासून या भ्रमाला कॅपग्रास असं नाव पडलं. मेंदूला इजा झाल्यावर किंवा स्मृतिभ्रंशातही तो होतो, पण स्किझोफ्रेनियात तो जास्त करून पाहायला मिळतो. याच्या उलट फ्रेगोली भ्रम. त्यात अनोळखी माणसंही ओळखीची वाटतात, एकच छळणारी व्यक्ती वेषांतर करून वेगवेगळ्या चेहऱ्यांनी मागावर आहे अशी खात्री असते. वेषांतरात तरबेज असलेल्या लिओपोल्डो फ्रेगोली या इटालियन नटावरून १९२७ मध्ये ते नाव दिलं गेलं.

कॅपग्रासचं एक चांगलं स्पष्टीकरण हॅडिन एलिस आणि ॲंड्रू यंग यांनी १९९० मध्ये मांडलं. ओळखीचा चेहरा पाहताना दोन गोष्टी घडतात. हा कोण, हे कळतं आणि त्याच वेळी आपलेपणाची एक लहर अंगात उठते. ही लहर मोजताही येते: आपल्या माणसाचा फोटो पाहिला की तळहाताला अगदी सूक्ष्म घाम येतो आणि त्वचेतून वीज थोडी सहज वाहते. कॅपग्रासमध्ये पहिली गोष्ट घडते, दुसरी घडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९७ मध्ये असा भ्रम असलेल्या पाच जणांवर ही मोजणी केली गेली. ओळखीच्या आणि अनोळखी चेहऱ्यांना मिळणारा त्वचेचा प्रतिसाद त्यांच्यात सारखाच निघाला.

पण एवढ्यानं काम भागत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या काही लोकांमध्येही ही लहर उठत नाही, तरी ते घरच्यांना तोतया म्हणत नाहीत. तेव्हा दुसरंही काही बिघडावं लागतं. 'हे कसं शक्य आहे' असं स्वतःला विचारून विचित्र कल्पना बाजूला टाकण्याची जी क्षमता असते, ती त्या वेळी काम करत नाही. म्हणूनच वाद घालून हा भ्रम जात नाही. ओळखपत्र दाखवा, लग्नाचे फोटो दाखवा, उत्तर तयार असतं: तोतयानं तेही मिळवलं. एका बाबतीत मात्र हा भ्रम चकित करतो. अपघातात डोक्याला मार लागलेल्या एका तरुणाला आईवडील समोर आले की तोतये वाटत, आणि त्यांच्याशी फोनवर बोलताना ते खरे वाटत. व्ही. एस. रामचंद्रन आणि विल्यम हर्स्टीन यांनी १९९७ मध्ये ही हकिकत नोंदवली. आवाजाची वाट वेगळी आणि चेहऱ्याची वेगळी, हे त्यातून दिसतं. घरात असा भ्रम दिसला तर समजूत काढण्यात दिवस घालवू नयेत, लगेच मनोविकारतज्ज्ञांकडे जावं. घाबरलेला माणूस तथाकथित तोतयावर हात उगारण्याची शक्यता असते.

स्वतःचा चेहराही सुटत नाही. मंद उजेडात आरशात एकटक पाहत राहिलं तर कुणालाही चेहरा काही वेळानं बदलल्यासारखा भासतो, हे जिओव्हानी कपुटो यांनी २०१० मध्ये दाखवलं. स्किझोफ्रेनिया असलेल्यांमध्ये हा अनुभव जास्त तीव्र निघाला.

उलट्या बाजूनं, आणि उपाय

आतापर्यंत त्यांना इतरांचा चेहरा कसा दिसतो ते पाहिलं. इतरांना त्यांचा चेहरा कसा दिसतो, हा प्रश्न तितकाच मोलाचा आहे. या आजारात चेहऱ्यावरचे हावभाव बऱ्याचदा मंदावतात. ॲन क्रिंग आणि जॉन नील यांनी १९९६ मध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांना भावना चेतवणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतरांपेक्षा कमी उमटलं, पण काय वाटलं असं विचारल्यावर त्यांनी सांगितलेल्या भावना कमी नव्हत्या, आणि त्वचेचा प्रतिसाद तर उलट जास्तच होता. म्हणजे कोऱ्या चेहऱ्यावर नसलेली भावना वाचण्याची चूक ते करतात, आणि त्यांच्या कोऱ्या चेहऱ्यामागची भावना न वाचण्याची चूक आपण करतो. 'याला कशाचंच काही वाटत नाही' हे वाक्य त्याच्यासमोर बोललं जातं, आणि त्याला ते लागतं.

उपचारांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. भास आणि भ्रम कमी करण्यासाठी औषधं आवश्यक आहेत आणि ती डॉक्टरांना न विचारता बंद करणं धोक्याचं आहे. पण चेहरे वाचण्याची क्षमता त्यांनी फारशी सुधारत नाही. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाकडून बरीच आशा होती, मात्र प्रयोगांचे निष्कर्ष एका सुरात आले नाहीत. सरावाचा फायदा होतो. जर्मनीत वोल्फगांग व्योल्व्हर यांनी आखलेल्या १२ सत्रांच्या कार्यक्रमात भुवया, डोळे, ओठ असे भाग एकेक करून पाहायला, जे दिसलं ते शब्दांत मांडायला आणि मग भावनेला नाव द्यायला शिकवतात. त्यानं ओळख सुधारली. टमारा रसेल आणि सहकाऱ्यांनी एका छोट्या प्रशिक्षणानंतर भावना ओळखणं सुधारल्याचं २००६ मध्ये दाखवलं, आणि पुढच्या कामात डोळे-तोंडाकडे जाणारी नजर वाढल्याचंही आढळलं. कमतरता अशी, की फोटोंवर साधलेली प्रगती रोजच्या गाठीभेटींत किती उतरते हे अजून पुरतं ठरलेलं नाही. रोजचे चेहरे हलतात, बोलतात, एकाच क्षणी दोन भावना दाखवतात.

घरच्यांना यातून करता येण्यासारखं बरंच आहे. चेहऱ्यावर सोडून देण्याऐवजी बोलून सांगावं. "मी दमले आहे, तुझ्यावर चिडलेली नाही", हे वाक्य आत येतायेताच म्हटलं तर चुकीचा अर्थ रुजायला जागा उरत नाही. टोमणा आणि सूचक हसू टाळावं, कारण त्यात शब्द एक सांगतात आणि चेहरा दुसरं. बोलताना उजेड तोंडावर असावा. "माझ्याकडे बघून बोल" असा आग्रह धरू नये. शेजारी बसून, दोघांनी एकाच दिशेला तोंड करून झालेलं बोलणं कित्येकदा जास्त मोकळं होतं. त्याला काय वाटतंय याचा अंदाज त्याच्या चेहऱ्यावरून बांधू नये, सरळ विचारावं.

ही अडचण डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही. पुढच्या भेटीत त्यांना नेमके प्रसंग सांगावेत: कोणाच्या चेहऱ्यावर काय दिसलं, तेव्हा तो माणूस प्रत्यक्षात काय करत होता, असं कोणाच्या बाबतीत जास्त होतं, आणि फोनवर बोलताना तसं होतं की नाही.